पोटशूळ, मिरजेची वाट आणि दुर्बीण

आमच्या चिकोडीच्या जुन्या घरात सोप्यातील कोनाड्यात एरंडेलाची बाटली ठेवलेली असे. घरात कोणाचेही पोट दुखू लागले की प्रथम ती बाटली खाली येई. १९७१ च्या भाद्रपदात आमच्या थोरल्या चुलत्यांच्या मुलाचे पोट दुखू लागले, तेव्हाही असेच घडले. त्याचे वय सतरा आणि आमचे बारा. दुखणे प्रथम बेंबीभोवती होते. शेजारच्या एका वृद्ध बाईंनी बेंबी सरकली असे निदान करून पोट चोळून दिले. रात्री एरंडेल पाजले गेले. दुसऱ्या दिवशी दुखणे उजव्या कुशीत खाली उतरले आणि त्या दिवशी सायंकाळी ते एकाएकी थांबले. घरात हायसे वाटले; देवापुढे साखर ठेवली गेली. तिसऱ्या दिवशी पहाटे त्याला हुडहुडी भरली, पोट लाकडाच्या फळीसारखे ताठ झाले आणि मग भाड्याची जीप करून मंडळी मिरजेस निघाली. तेथे पोट उघडले तेव्हा आत सर्वत्र पू पसरला होता. सहाव्या दिवशी तो गेला.

त्या सायंकाळचे ते थांबलेले दुखणे हे औषधाचे यश नव्हते, तर आंत्रपुच्छ फुटल्याची ती खूण होती, हे आम्हांस फार उशिरा कळले. आंत्रपुच्छात, म्हणजे आपण ज्याला सर्रास अपेंडिक्स म्हणतो त्यात, साचलेला ताण फुटल्यावर क्षणभर उतरतो आणि रोग्याला आराम वाटतो. पुढे पू उदरपोकळीत पसरतो तेव्हा खरे संकट सुरू होते. अशा वेळी दिलेले रेचक आणि केलेले चोळणे या दोन्ही गोष्टी फुटण्याच्या क्रियेस हातभार लावतात. दोष कोणाचाच नव्हता. जे ज्ञान होते त्याप्रमाणे घरच्यांनी केले. तथापि पोटाच्या आत काय चालले आहे ते बाहेरून दिसत नाही, या एकाच अडचणीभोवती उदरशस्त्रक्रियेचा सारा इतिहास फिरतो, आणि त्या इतिहासाची एक कडी आमच्या या सीमाभागातूनही गेली आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

पोट उघडण्याचे धाडस आपल्याकडे प्राचीन काळी झाले होते. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात आतड्यात अडथळा आला असता बेंबीखाली डाव्या बाजूस छेद घेऊन आतडे बाहेर काढावे, अडथळा दूर करावा आणि छिद्र असल्यास काळ्या मुंग्यांच्या दंशाने त्याच्या कडा जुळवाव्यात, असे वर्णन आहे. परंतु भूल आणि निर्जंतुकता या दोन गोष्टींवाचून ही विद्या व्यवहारात टिकणे शक्य नव्हते. १८४६ मध्ये बॉस्टन येथे ईथरची भूल जाहीरपणे देण्यात आली आणि पुढील दोन-तीन दशकांत जंतुनाशक पद्धती रूढ झाली, तेव्हा कोठे पोट उघडणे हा मृत्यूस दिलेला होकार राहिला नाही. १८८६ मध्ये रेजिनाल्ड फिट्झ या अमेरिकन वैद्यकाने उजव्या कुशीतील या घातक दाहाचे मूळ आंत्रपुच्छात आहे असे दाखवून लवकर शस्त्रक्रिया करण्याचा आग्रह धरला. तरीही लोकांच्या मनातील भीती गेली नव्हती. १९०२ च्या जूनमध्ये सातवे एडवर्ड यांचा राज्याभिषेक दोन दिवसांवर आला असता त्यांच्या पोटात याच व्याधीचे गळू झाले. राजाचा हट्ट समारंभ पार पाडण्याचा होता. शल्यविशारद फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांनी ऐकले नाही. २४ जूनला गळू फोडून पू काढला आणि ऑगस्टात राज्याभिषेक झाला. त्या एका घटनेने जगभरच्या रोग्यांची भीड चेपली असे म्हणतात.

आमच्या मुलखात ही नवी विद्या मिरजेच्या वाटेने आली. विल्यम वानलेस हे मिशनरी शल्यविशारद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इकडे आले आणि १८९४ मध्ये मिरजेचे मिशन हॉस्पिटल सुरू झाले. पुणे-बेळगाव लोहमार्ग मिरजेवरून जात असल्यामुळे चिकोडी, रायबाग, अथणी, हुक्केरी या बाजूचे रोगी तेथे पोहोचू लागले. गावापासून स्टेशनपर्यंत बैलगाडी आणि तेथून पुढे आगगाडी. तंतुवाद्यांसाठी गवई मिरजेस जात, तसे पोटातील गाठीसाठी आणि मोतीबिंदूसाठी खेडूत जात. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यपुनर्रचना होऊन चिकोडी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली. कचेऱ्या बदलल्या, दप्तराची भाषा बदलली, परंतु पोटदुखीची वाट बदलली नाही. १९६२ मध्ये मिरजेस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले, १९६३ मध्ये बेळगावात जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि आमच्या लोकांपुढे दोन दिशा झाल्या. या दोन्ही दिशांना उपचार मात्र एकच होता, पोटावर लांब छेद घेऊन आत पाहणे. निदान पक्के नसले तरी पोट उघडल्यावाचून गत्यंतर नसे. कित्येकदा उघडल्यावर आंत्रपुच्छ निरोगी निघे आणि दुखण्याचे कारण भलतेच असे.

उघडण्याआधीच आत पाहता आले तर? हा प्रश्न तातडीच्या पोटदुखीतूनच जन्मास आला, हे फारसे कोणास ठाऊक नसते. १९०१ मध्ये जर्मनीतील गेऑर्ग केलिंग हे वैद्यक पोटातील रक्तस्राव शस्त्रक्रियेवाचून कसा थांबवावा याचा विचार करीत होते. पोटात दाबाने हवा भरली तर त्या दाबाने रक्त थांबेल अशी त्यांची कल्पना होती. आणि तो दाब आत काय करतो हे पाहण्यासाठी त्यांनी मूत्राशय तपासण्याची नळी एका कुत्र्याच्या पोटात घालून पाहिली. हवेने रक्त थांबविण्याची कल्पना मागे पडली, पाहण्याची कल्पना उरली. १९१० मध्ये स्टॉकहोमच्या हान्स ख्रिश्चन याकोबेउस यांनी ती माणसांवर वापरली. पुढे हवेऐवजी कार्बन डाय-ऑक्साइड वायू आला, बाहेरचा प्रकाश आत नेणारे काचतंतू आले, हॅरल्ड हॉपकिन्स यांच्या भिंगरचनेने चित्र स्वच्छ झाले. तरीही कित्येक दशके ही नळी मुख्यतः स्त्रीरोगतज्ज्ञांच्याच हाती राहिली. शल्यविशारद तिच्याकडे संशयाने पाहत.

म्हणूनच १९८० मध्ये दुर्बिणीतून आंत्रपुच्छ काढण्याची पहिली शस्त्रक्रिया कील येथील कुर्ट झेम या स्त्रीरोगतज्ज्ञाने केली, यात नवल नाही. नवल आहे ते त्यानंतरच्या वागणुकीचे. झेम यांना व्यवसायातून निलंबित करावे अशी सूचना जर्मन शल्यविशारदांच्या संघटनेच्या अध्यक्षांनी केली होती. १९८५ मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढणाऱ्या एरिख म्यूहे यांच्याही वाट्यास प्रथम उपेक्षाच आली. ‘मोठा शल्यविशारद तो मोठा छेद घेणारा’ अशी ज्या पिढीची धारणा होती, तिला अर्ध्या इंचाच्या छिद्रातून केलेले काम पोरखेळ वाटले. १९८७ मध्ये लियाँच्या फिलिप मूरे यांनी पित्ताशयाची शस्त्रक्रिया केली, ती चलच्चित्राद्वारे इतरांना दिसली आणि मग दोन-तीन वर्षांत सारे वारे फिरले.

हिंदुस्थानातील कथा मात्र थोडी निराळी आहे आणि आपणांस अभिमान वाटावा अशी आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी १९७२ मध्येच, म्हणजे युरोपातील बहुतेक शल्यविशारदांच्या आधी, दुर्बीण सामान्य शस्त्रक्रियेच्या कामी आणली. ती त्यांनी चमत्कार म्हणून आणली नाही. जे. जे. मध्ये येणारे रोगी गरीब, उशिरा आलेले, कोणाचे पोट पाण्याने फुगलेले, कोणाच्या आतड्यास क्षय. त्या काळी सीटी स्कॅन नव्हते, सोनोग्राफी नव्हती. एका लहानशा छिद्रातून आत पाहिले की क्षय आहे की कर्करोग हे उमगे आणि रोग्याचे विनाकारण पोट उघडणे टळे. दुर्बीण ही श्रीमंतांची चैन नसून गरिबांचीच गरज आहे, कारण ज्याचे हातावर पोट आहे त्याला दीड महिना अंथरुणात पडून राहणे परवडत नाही, हा विचार त्यांनी पुढे आयुष्यभर मांडला. १९९० मध्ये त्यांनीच जे. जे. मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची देशातील पहिली शस्त्रक्रिया केली; त्यानंतर काही महिन्यांत पुण्यात डॉ. ज्योत्स्ना कुलकर्णी यांनी ती केली. उदवाडिया यांना २००६ मध्ये पद्मश्री व २०१७ मध्ये पद्मभूषण मिळाले. २०२३ च्या जानेवारीत ते निवर्तले.

आमच्या तालुक्यात दुर्बीण यापूर्वीच आली होती, पण निराळ्या निमित्ताने. आम्ही सरकारी नोकरीत शिरलो त्या ऐंशीच्या दशकात कुटुंबनियोजनाची उद्दिष्टे केवळ आरोग्य खात्यावर नसत, महसुलाच्या माणसांवरही असत. एका प्राथमिक आरोग्य केंद्रातील शिबिरात आम्ही नोंदवही घेऊन बसलो होतो. बाहेर ओट्यावर स्त्रिया रांगेने बसलेल्या, आत दुर्बीण. एक स्त्री आत जाई, काही मिनिटांत बाहेर आणून चटईवर निजविली जाई आणि आम्ही पुढील नाव पुकारीत असू. त्या काळी दुर्बीण या शब्दाचा आमच्या खेड्यांतील अर्थ तेवढाच होता. १९८९ मध्ये एका भारतीय वैद्यकाने एकट्याने केलेल्या अशा अडीच लाख शस्त्रक्रियांचा अहवाल इंग्लंडमधील नियतकालिकात छापून आला, यावरून या कामाचा आवाका ध्यानी यावा.

आज मागे वळून पाहता एक विसंगती मनास टोचते. ज्या आरोग्य केंद्रात शासनाला हवे तेव्हा दुर्बीण पोहोचत होती, तेथेच रात्री कोणाचे आंत्रपुच्छ फुटले तर त्याच्यासाठी ना दुर्बीण होती, ना शल्यविशारद, ना भूलतज्ज्ञ. यंत्र गाडीतून येई आणि सायंकाळी गाडीतूनच जाई. उद्दिष्टांची ती पद्धत १९९६ मध्ये कागदोपत्री रद्द झाली. तरी घाईची सवय गेली नाही. २०१४ च्या नोव्हेंबरात छत्तीसगडच्या बिलासपूर भागात एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्या भागातील शिबिरांनंतर १३ स्त्रिया दगावल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत थांबविण्याचा निर्देश दिला. आमच्या नोंदवहीतील नावांपैकी कोणास इजा झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. पण त्या स्त्रियांपैकी एकीलाही आम्ही ‘बाई, तुम्हाला काय त्रास होतो?’ असे विचारले नव्हते, हेही तितकेच खरे.

नव्वदच्या दशकात कोल्हापूर, मिरज, बेळगाव येथे दुर्बिणीची खरी शल्यविद्या रुजू लागली. पण प्रथम ती ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांपुरतीच होती. पित्ताशय सुजलेले असेल, आंत्रपुच्छ फुटलेले असेल, जठरव्रणाला भोक पडले असेल, तर दुर्बीण वर्ज्य, असा त्या काळचा दंडक होता. त्यास कारणेही होती. सुजलेल्या मांसात रचना ओळखू येत नाही. फुगलेली आतडी दुर्बिणीच्या वाटेत येतात. पोट फुगविण्यासाठी पाऱ्याच्या १२ ते १५ मिलिमीटर इतक्या दाबाने वायू भरावा लागतो आणि रोगी आधीच रक्तदाब उतरून गलितगात्र झाला असेल तर तो दाब त्याच्या हृदयास सोसत नाही.

हा दंडक हळूहळू शिथिल झाला. १९९० मध्येच मूरे यांनी जठरव्रणाचे भोक दुर्बिणीतून बुजविल्याचे प्रसिद्ध केले. पोट उघडून त्या भोकावर आतड्यांवरील चरबीच्या पडद्याचे ठिगळ लावतात, तेच काम आता तीन-चार छिद्रांतून होऊ लागले. गर्भनलिकेत अडकलेला गर्भ फुटण्यापूर्वी काढणे हे तर स्त्रीरोगतज्ज्ञ आधीपासूनच करीत होते. तीव्र सुजलेल्या पित्ताशयाबाबत तर मत पूर्ण उलटले. पूर्वी दाह शमवून दीड-दोन महिन्यांनी शस्त्रक्रिया करीत. आता रोग्याची प्रकृती सोसणारी असेल तर पहिल्या काही दिवसांतच ती दुर्बिणीतून करावी असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक संकेत सांगतात. आंत्रपुच्छाबाबत तीन छिद्रे पुरतात. जखमेत पू होण्याचे प्रमाण कमी, वेदना कमी, कामावर परतणे लवकर. मात्र पोटाच्या आत गळू होण्याचे प्रमाण काहीसे अधिक आढळले आहे, हेही सांगितले पाहिजे. तरुण स्त्रीच्या उजव्या कुशीतील दुखणे आंत्रपुच्छाचे की बीजकोशाचे, हा जुना पेच तर दुर्बिणीने जवळजवळ सोडविला. एकाच छिद्रातून दोन्ही दिसतात.

मर्यादांचा धडा आम्ही घरातच शिकलो. २०१८ मध्ये आमच्या सौभाग्यवतींच्या पोटात उजव्या बरगडीखाली कळ सुरू झाली. घरात लग्नकार्य होते. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणत त्यांनी पाच दिवस अंगावर काढले. रुग्णालयात नेल्यावर शल्यविशारदांनी संमतिपत्रावर सही घेताना स्पष्ट सांगितले, ‘दुर्बिणीने सुरू करू, आवश्यक वाटले तर पोट उघडू.’ आम्ही आयुष्यभर कागदांवर सह्या केलेल्या. तीही केली आणि विसरलो. तासाभराने डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले की पित्ताशय आसपासच्या अवयवांस इतके चिकटले आहे की पित्तनलिका ओळखता येत नाही, उघडावे लागेल. आम्हांस फसविल्यासारखे वाटले. नातेवाइकांपैकी एकाने तर ‘यांना जमत नाही’ असे मोठ्याने बोलून दाखविले. पुढे शांतपणे विचार करता ध्यानी आले की त्या डॉक्टरांनी त्या क्षणी स्वतःच्या कीर्तीपेक्षा रोग्याची पित्तनलिका मोलाची मानली होती. ती चुकून कापली गेली असती तर त्याचे भोग जन्मभराचे होते. दुर्बीण सोडून छेद घेण्याचा निर्णय हा पराभव नव्हे, हे आमच्या लोकांनी समजून घ्यावयास हवे. नाहीतर आपल्याच रोषाच्या भीतीने एखादा डॉक्टर दुर्बीण नको तितका वेळ धरून बसेल.

आता अंतराचा प्रश्न. २०१५ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने जगभरच्या शल्यसेवेचा आढावा घेऊन असे मांडले की कोणत्याही रुग्णालयाची खरी कसोटी तीन शस्त्रक्रियांत आहे: पोट उघडणे, सिझेरियन आणि उघड्या अस्थिभंगावरील उपचार. माणसाला दोन तासांत या तिन्ही मिळाल्या पाहिजेत. या यादीत दुर्बीण नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. चिकोडीहून बेळगाव सुमारे पाऊणशे किलोमीटर; मिरज व कोल्हापूर त्याहून जवळ. कर्नाटकात २००८ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. २००३ मध्ये सुरू झालेल्या यशस्विनी योजनेने सहकारी संस्थांच्या सभासद शेतकऱ्यांस शस्त्रक्रियेचा खर्च पेलण्यास हात दिला. २०१८ पासून आरोग्य कर्नाटक योजना आली. म्हणजे कागदावर दोन तासांचे गणित जमते. पण २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा-पंचगंगेच्या महापुराने कोल्हापूरजवळ शिरोलीला महामार्ग कित्येक दिवस बंद पडला होता. त्या दिवसांत कोणाचे आंत्रपुच्छ सुजले असेल तर त्याला मिरज काय आणि लंडन काय, सारखीच.

याच विचाराने आपल्या देशातील काही ग्रामीण शल्यविशारदांनी वायूविना दुर्बिणीची पद्धत विकसित केली आहे. डॉ. जे. ज्ञानराज यांचे नाव त्यात अग्रगण्य आहे. वायू भरण्याऐवजी पोटाची भिंत एका साध्या उपकरणाने वर उचलून धरतात. मग कमरेतील भूल पुरते, वायूची नळकांडी नको, पूर्ण भूल देणारा तज्ज्ञ मिळेपर्यंत थांबणे नको. ईशान्य भारतातील डोंगराळ भागात ही पद्धत वापरली गेली आणि इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठाच्या सहकार्याने तिची उपकरणे सुधारली गेली. तालुक्याच्या गावी शोभेल अशी ही विद्या आहे. उदवाडिया यांनी १९७२ मध्ये गरिबांच्या पोटात डोकावण्यासाठी जी नळी हाती घेतली, तिचा हाच खरा वारसा म्हणावा लागेल.

२०२२ मध्ये दिवंगत चुलतबंधूंच्या धाकट्या भावाच्या नातीस, अकरा वर्षांच्या मुलीस, रात्री पोटदुखी सुरू झाली. घरात आता एरंडेल नाही. पहाटे तिला बेळगावला नेले, सोनोग्राफी झाली, दुपारी दुर्बिणीतून आंत्रपुच्छ काढले आणि तिसऱ्या दिवशी ती घरी आली. आमच्या काकू, सतरा वर्षांचा मुलगा गमावलेल्या, तेव्हा नव्वदीकडे झुकल्या होत्या. सर्वजण त्यांना पणतीच्या पोटावरील तीन बारीक पट्ट्या कौतुकाने दाखवीत होते. काकूंनी त्या पट्ट्यांकडे पाहिलेही नाही. त्यांनी एवढेच विचारले, ‘किती वाजता दुखायला लागलं होतं, आणि किती वाजता नेलंत?’ रात्री अकराला लागले आणि चारला निघालो, असे सांगितल्यावर त्यांनी बोटांवर तास मोजले आणि मान हलविली.

पोटातील कळ सहा तासांत उतरली नाही, किंवा एका जागेवरून उजव्या कुशीत सरकली, किंवा पोट ताठ होऊ लागले, तर घरगुती उपाय, रेचक आणि चोळणे बाजूस ठेवून रोग्यास शल्यविशारदाकडे न्यावे. आणि असह्य असेल तर सहा तासही थांबू नये. छिद्र करावे की छेद, हे त्याला ठरवू द्यावे. त्याच्या हाती वेळ देणे एवढेच आपल्या हाती असते.